खुर्चीवरची बाई

४ मार्च

बारके,

तुला आशीर्वाद, आत्याला वाकून नमस्कार. वाकणं अर्थात मनातल्या मनात, कारण नवा बसवलेला खुबा मला खरोखरीचं वाकू देत नाही. फोन करणार होतो, पण मला निम्मं ऐकू येत नाही आणि तू ओरडायला लागलीस की तुझ्या दुकानातली गिऱ्हाइकं पळतात, असं तूच मागे म्हणाली होतीस. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की पणजीचा पुतळा उद्यानात बसला. उद्यान समितीच्या सचिवांनी कळवलंय. महिनाअखेरच्या रविवारी अनावरण. समाजसुधारकांच्या त्या दोन रांगांमध्ये ही पहिली बाई, आणि ती आपल्या घरची. समितीच्या पायऱ्या झिजवण्यात माझी नोकरीची शेवटची वर्षं आणि निवृत्तीची पहिली वर्षं गेली. दर वेळी एकच प्रश्न, की घराच्या मागच्या खोलीत चार बायकांना अक्षरं शिकवली त्यात पुतळा उभारण्यासारखं काय आहे. मी दर वेळी सांगायचो की त्या बायका लोकांची धुणी धुणाऱ्या आणि गिरणीत राबणाऱ्या होत्या, आणि त्यांना शिकवते म्हणून पणजीच्या दारावर लोक चिखल फेकायचे. तरी ते जमीनवाले त्याच चौथऱ्यावर टपून बसलेच होते. त्यांच्या आजोबांनी दवाखान्याला जमीन दिली, हे मला मान्य आहे. पण रांगेत पुरुष काय कमी आहेत?

डॉक्टर म्हणतात प्रवास बंद. म्हणजे घरच्यांच्या वतीने तूच उभं राहायचं. भाषण मी लिहून पाठवतो, तू फक्त वाचायचंस. त्याआधी आत्याला घेऊन एकदा उद्यानात जाऊन ये. आता पणजीला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस म्हणजे आत्याच, तिला मंचावर पहिल्या ओळीत बसवायचं मी सचिवांकडून कबूल करून घेतलंय. पुतळ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, चौथऱ्याला चीर नाही ना, पाणी साचतंय का, हे नीट बघ. पाणीपुरवठ्यात जन्म गेला, त्यामुळे साचलेल्या पाण्याची मला धास्ती आहे.

चेहरा शिल्पकाराने आपल्या त्या एकुलत्या एका फोटोवरून केलाय. शाळेतल्या बायकांचा, मधे खुर्ची असलेला. त्यात पणजीने खुर्चीचे हात कसे मुठीत धरलेत ते आठवतं ना? तो निर्धार उतरला पाहिजे, असं मी त्याला बजावून लिहिलं होतं. उतरलाय का ते कळव.

वाट बघतोय.
दादा


१० मार्च

दादा,

नमस्कार, आणि वहिनींना दोन जास्त, कारण खुबा तुझा असला तरी तो सांभाळतात त्या.

आम्ही जाऊन आलो. तू उंटावरून शेळ्या हाकतोस तरी शेळ्या बरोबर जातात, हे मान्य करते. चौथऱ्याला चीर नाही. पाणी साचत नाही, उतार दिलाय. तोंड मुख्य फाटकाकडे आहे, म्हणजे येणाऱ्याला ती आधी दिसणार. अनावरणासाठी माळ्याने कुंड्यांतली रोपं आणून ठेवली आहेत, पण अजून लावली नाहीत. बाकांना नुकताच रंग दिल्यामुळे प्रत्येक बाकावर ‘बसू नये’ अशी पाटी आहे. आत्या काठी टेकत टेकत दोन्ही रांगांमधून फिरली आणि म्हणाली, “सगळेच बोट वर करून उभे. या बस, असं म्हणणारा एकही नाही.” पहारेकऱ्याला हसू आवरेना.

पुतळ्यावर प्लास्टिक गुंडाळलंय. तुझं नाव सांगितलं तेव्हा पहारेकऱ्याने ते वर केलं. काम फार सुरेख आहे रे. कपड्यांचं तर विचारू नकोस. खांद्याची शिवण जिथे हवी तिथे आहे, बाहीला चुण्या पडल्यात त्या बरोबर कोपराशी पडल्यात. ज्याने हे केलं त्याच्या घरात नक्की कोणीतरी शिवणारं असणार. खुर्चीचे पायही जुन्या पद्धतीचे, कातलेल्या लाकडासारखे गोल वळणाचे आहेत.

आत्या दमली, म्हणून आम्ही लवकर परतलो. दोन दिवस ती गप्प आहे, पण तब्येत बरी आहे.

एक विचारायचं होतं. त्या फोटोत पणजी कुठली, हे तुला कोणी सांगितलं होतं? बाबांनी का? सहज विचारतेय.

बारकी


१४ मार्च

बारके,

तुझ्या पत्रात कपड्यांवर अर्धं पान आहे आणि चेहऱ्यावर एक ओळसुद्धा नाही. मी तुला शिवणकामाचा अहवाल मागितला नव्हता.

आणि ‘सहज’ म्हणजे काय? तुझं सहज मी लहानपणापासून ओळखतो. कोणी सांगायला कशाला हवं? शाळा तिची, खोली तिची, खुर्ची तिची. मधोमध खुर्चीवर बसली आहे ती पणजी आणि खाली जमिनीवर बसल्या आहेत त्या तिच्या विद्यार्थिनी. बाबांना विचारावं असं कधी वाटलंच नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. एखाद्या कचेरीचा फोटो बघितला तर साहेब कोण ते तू विचारतेस का?

मला वाटतं तुला राग आलाय. भाषण मी लिहितो आणि तू नुसती वाचतेस, हे तुला लागलं. वहिनी म्हणते तसं काही नसेल, पण ती नेहमी तुझीच बाजू घेते. हवं तर शेवटी तुझ्या मनाचं एखादं वाक्य घाल. मात्र आधी मला दाखवून.

भाषण सोबत पाठवतोय. मधला परिच्छेद सावकाश वाच: ‘हा चेहरा नीट पाहून घ्या. या चेहऱ्याला भीती ठाऊक नव्हती.’ इथे थांबून पुतळ्याकडे बघायचं, मग पुढे जायचं. आरशासमोर दोनदा म्हणून बघ.

आत्या गप्प का आहे?

दादा


१८ मार्च

दादा,

राग नाही रे आलेला. राग आला असता तर बरं झालं असतं, तो मला सांगता येतो. मला भीती वाटतेय. परवा एका बाईंच्या कोटाला उलटं अस्तर लावून मोकळी झाले, इतकं लक्ष उडालंय. सांगू की नको करत आठवडा गेला, पण आता तुझं भाषण हातात आलं आणि माझा धीर सुटला. बसून वाच.

त्या दिवशी पहारेकऱ्याने प्लास्टिक वर केलं. आत्या जवळ गेली, चष्मा पुसला, मान वर करून पाहत राहिली. मला वाटलं आता ही रडणार, म्हणून मी रुमाल काढून तयार. तर ती म्हणाली, “ही कोण?”

मी म्हटलं, “अगं, पणजी. तुझी आजी.”

“छे,” आत्या म्हणाली. “आजी कुठाय?” आणि काठी टेकत ती पुतळ्याच्या मागे गेली बघायला. खरंच गेली, दादा. चौथऱ्याला पूर्ण वळसा घालून पुढे आली आणि मला विचारलं, “एवढ्या बायका होत्या, बाकीच्या कुठं गेल्या?”

घरी येऊन मी तिला आपल्याकडची फोटोची प्रत दाखवली. तिने खुर्चीवरच्या बाईवरून बोट फिरवलंसुद्धा नाही, सरळ खाली डावीकडे टेकवलं. तिथे एक बाई जमिनीवर बसली आहे, कॅमेऱ्याकडे न बघता वर खुर्चीवरच्या बाईकडे बघते आहे. “ही आजी,” म्हणाली. मी म्हटलं, मग खुर्चीवर कोण? तर मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं अशा नजरेने ती बघायला लागली. “नवीन असेल. नवीन बाई खुर्चीवर.”

मग तिने सगळं सांगितलं. त्या खोलीत खुर्ची एकच होती. पणजी कधीच तिच्यावर बसली नाही. शाळेत जी बाई पहिल्यांदा येईल तिने त्या दिवशी खुर्चीवर बसायचं, बाकी सगळ्यांनी खाली, शिकवणारीनेसुद्धा. ज्या बायका जन्मभर दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, त्यांना आधी बसवायचं, अक्षर मग. कोणी नवीन नसेल त्या दिवशी खुर्चीवर पाट्या रचून ठेवायच्या.

आता तू म्हणशील आत्या नव्वदीची आहे, गॅस बंद करायला विसरते, मला कधी कधी आईच्या नावाने हाक मारते. मीही तेच म्हणत होते स्वतःला. पण मग मी फोटो खिडकीशी धरून पुन्हा पाहिला. तू ज्याला निर्धार म्हणतोस ना, त्या मुठी. दादा, ती बाई घाबरलेली आहे. माझ्याकडे कधी कधी अशी बाई येते जिने जन्मात नवा कपडा शिवून घेतलेला नसतो. तिला मोठ्या आरशासमोर उभी केली की ती अशीच ताठ होते आणि हाताला लागेल ते धरून ठेवते. आणि शिल्पकार इतका चांगला, की त्याने ती भीती जशीच्या तशी उतरवली आहे.

मी काय करू ते सांग. गप्प बसले तर पणजीच्या नावाखाली दुसऱ्याच बाईचा चेहरा कायमचा राहणार. बोलले तर समिती घरच्यांनाच आपलं माणूस ओळखता येत नाही म्हणेल, आणि चौथरा जमीनवाल्यांना देऊन टाकेल. तुझी इतकी वर्षं पाण्यात जातील. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

लवकर लिही.
बारकी


२१ मार्च

बारके,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

शाळा चालायची तेव्हा आत्या दहा-अकरा वर्षांची होती. मधे आख्खं आयुष्य गेलं. त्या वयातलं आपल्याला काय आठवतं? मला विचारलंस तर माझ्या शाळेतल्या मास्तरांना मिशी होती की नव्हती हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. फोटोत जमिनीवर बसलेल्या बाईचा चेहरा अर्धा वळलेला आहे. त्यावरून कोणीही कोणालाही ओळखेल.

समज, आत्याचं खरं आहे. तरी आता काय करता येणार? पितळ वितळवायचं? सचिवांना आज एक शब्द कळला तर ते उद्या जमीनवाल्यांना बोलावतील. ते तर पत्रिका छापायची वाट बघत बसलेत. मग पणजी ना खुर्चीवर ना जमिनीवर, कुठेच राहणार नाही. नाव राहिलं पाहिजे, बारके. चेहरा कोण बघतो? त्या रांगेतल्या किती जणांचे चेहरे तुला ओळखता येतात?

तेव्हा असं कर. कोणाकडे चकार शब्द काढू नकोस. भाषण आहे तसं वाच. आणि आत्याला घरी ठेव. प्रकृती बरी नाही म्हणून सांग, या वयात कोणी शंका घेणार नाही. शेजारच्या नर्सबाईंना दोन तास तिच्याजवळ बसायला सांग. ती मंचावर आली आणि सगळ्यांसमोर ‘ही कोण’ म्हणाली, तर मी तोंड दाखवू शकणार नाही.

हे मला लिहायला बरं वाटतंय असं समजू नकोस.

दादा


२२ मार्च

बारके,

हे पत्र मी भाजी आणायला जाते सांगून टाकतेय. तुझ्या दादांनी कालचं पाकीट माझ्याच हाताने पेटीत टाकायला लावलं, पण आत काय आहे ते सांगितलं नाही. न सांगितल्यामुळेच मला कळलं.

त्यांचं जेवणात लक्ष नाही. फोटो टेबलावर आणि भिंग हातात, सारखे बघत असतात. विचारलं की म्हणतात, काही नाही, छपाई जुनी आहे. काल शेवटी तुझं पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, वाच आणि सांग आत्याचं डोकं ठिकाणावर आहे का.

मी वाचलं आणि मला हसूच आलं बघ. मग रडू आलं. लग्न होऊन मी तुमच्या घरात पहिल्यांदा आले तो दिवस तुला आठवतो का? तू शाळेत जात होतीस. स्वयंपाकघरात सगळे जेवायला जमिनीवर बसलात, आणि बाबांनी त्यांची ती खुर्ची आणून मला तिच्यावर बसवलं. सासरे, सासूबाई, आत्या, तुझे दादा, सगळे खाली आणि मी एकटी वर, ताट मांडीवर. मला वाटलं माझी परीक्षा चालली आहे. खुर्चीचे हात मी असे धरले होते की बोटं दुखायला लागली. संध्याकाळी सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “या घरात पहिल्या दिवशी नवीन माणूस खुर्चीवर. का ते तुझ्या सासऱ्यांना विचार, मीही बसले होते.” दुसऱ्या दिवसापासून मी खाली. मग विचारायचं राहूनच गेलं.

हे मी तुझ्या दादांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही समोरच बसला होतात खाली, तुम्हाला माहीत नाही? त्यांनी कुबडी घेतली आणि अंगणात जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले, “मला वाटायचं बाबांना पाहुण्यांचं फार अगत्य आहे.”

तेव्हा आत्याचं डोकं ठिकाणावर आहे. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही. तुझ्या दादांनी या पुतळ्यासाठी किती मनस्ताप काढला तो मी जवळून पाहिलाय, आणि तो फुकट गेला तर ते कसे होतील याची मला काळजी आहे. तुलाही ती असणार. आपण दोघीही त्यांना घाबरतो ते याच कारणाने, नाहीतर ते काही घाबरण्यासारखे नाहीत.

तुझी वहिनी


३१ मार्च

दादा,

तुला वर्तमानपत्रातून कळलं असेल किंवा सचिवांनी कळवलं असेल. तरी माझ्याकडून ऐक. जसं घडलं तसं लिहिते, मधे स्वतःला सावरून घेणार नाही.

मी तुझं ऐकलं होतं. वहिनींचं पत्र येऊनसुद्धा ऐकलं होतं. नर्सबाईंना सांगून ठेवलं, आत्याला म्हटलं की कार्यक्रम पुढे ढकललाय. मी शाळेत असताना प्रगतिपुस्तक लपवायचे तेव्हासुद्धा मला इतकं चोरट्यासारखं वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी मी केस विंचरून बाहेर आले तर आत्या दाराशी स्टुलावर बसलेली. चांगले कपडे घातलेले, बूट घातलेले, नाड्या तिच्या तिने बांधलेल्या. मला म्हणाली, “चल, उशीर होईल. पुढे ढकललं असतं तर तू नवे कपडे घातले नसतेस.”

मी तिची काठी आणून दिली. नर्सबाई जिन्यावरून वर येत होत्या. त्यांना म्हटलं, आज नको, आम्ही दोघी जातोय. रस्ताभर आत्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी देवाचं नाव घेत होते. एकदाच तिने तुझ्याविषयी विचारलं, “मोठा रागावलाय का माझ्यावर?” मी नाही म्हटलं.

मंडप भरलेला. जमीनवाले पहिल्या रांगेत, घरातल्या सगळ्यांना घेऊन. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं. तुझं भाषण मी चांगलं वाचलं, दादा, दोन पानं एकदाही अडखळले नाही. पुढे तो परिच्छेद आला. ‘हा चेहरा नीट पाहून घ्या’ एवढं वाचून तू सांगितलंस तशी थांबले आणि वळून पुतळ्याकडे पाहिलं. ती बाई माझ्याकडे बघत होती, खुर्ची घट्ट धरून. आणि पुढचं वाक्य ‘या चेहऱ्याला भीती ठाऊक नव्हती’. ते माझ्या तोंडातून बाहेर येईना. मंडपात कोणीतरी खोकलं. सचिव मला खुणावतायत, पुढे, पुढे.

मी सत्य सांगायला उभी राहिले असं समजू नकोस. मी नुसती अडकले होते. माझ्या मागून काठीचा आवाज आला. आत्या उठली होती. तिने माझ्या हातातला माईक काढून घेतला, तोही उलटा धरला, मग पाहुण्यांनी तो सरळ करून दिला.

ती काय म्हणाली ते मी शब्दाला शब्द लिहिते. “ही माझी आजी नाही. ही कोण ते मला माहीत नाही. आमच्या आजीच्या शाळेत खुर्ची एकच होती, ती नवीन बाईला मिळायची. ही त्या दिवशी नवीन आली असणार. घाबरलीये बिचारी. आमच्या मोठ्याला वाटलं खुर्चीवर आहे ती शिकवणारी. सगळ्यांना तसंच वाटतं. त्याने फार खटपट केली आजीसाठी, त्याला कोणी बोलू नका. चूक झाली ती झाली. पण आता हिला उठवू नका. आजीने बसवलेल्या बाईला आमच्या घरात कोणी उठवत नाही.”

आणि ती परत जाऊन आपल्या जागेवर बसली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सचिवांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. मागच्या रांगेत एक बाई होती, साफसफाईच्या कामाचे कपडे घातलेली, बहुतेक उद्यानातच कामाला असेल. ती उभी राहून पुतळ्याकडे बघत होती, मग तिच्या शेजारच्या दोघी उभ्या राहिल्या. मग कार्यक्रम कसाबसा उरकला. चहाच्या वेळी जमीनवाल्यांपैकी थोरले आत्याजवळ आले. मला वाटलं आता टोमणा मारणार. तर म्हणाले, “आजी, आता आमच्या आजोबांचा फोटोसुद्धा सगळ्यांकडून तपासून घेतो.” आत्या म्हणाली, “घ्या, आणि खाली कोण बसलंय तेही बघून घ्या.”

आज सकाळी मी पुन्हा जाऊन आले. नावाची पाटी काढली आहे. स्क्रूची चार भोकं दिसतात. पुतळा तसाच आहे. सचिव म्हणतात समितीची बैठक होईल. त्यांच्या बोलण्याचा सूर चांगला नव्हता.

तुझं आयुष्यभराचं काम मी दोन मिनिटांत मोडलं. आत्याला दोष देऊ नकोस, तिला घेऊन गेले ती मी. तुझी तब्येत कशी आहे तेवढं तरी वहिनींकडून लिहून पाठव. तू स्वतः लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

बारकी


८ एप्रिल

बारके,

तब्येत बरी आहे. मीच लिहितोय, वहिनी शेजारी बसून मी खोटं लिहीत नाही ना ते बघते आहे.

सचिवांचं पत्र तुझ्या आधी आलं. आधी तुला समितीचा निर्णय सांगतो. पुतळा आहे तिथेच राहणार, कारण हलवायचा तर पुन्हा वर्गणी काढावी लागेल, आणि वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले आहेत. नवी पाटी लागेल: ‘शाळेत पहिल्या दिवशी आलेली विद्यार्थिनी. नाव ठाऊक नाही.’ पणजीचा प्रस्ताव बंद. ज्या व्यक्तीचा पूर्ण चेहरा दाखवणारं चित्र उपलब्ध नाही, तिचा पुतळा करायचा नाही असा त्यांचा नियम आहे. पुढचा चौथरा जमीनवाल्यांना.

ते वाचल्यावर तुला लिहायचं होतं ते पत्र मी लिहिलंही होतं, चार पानी. त्यात तुला काय काय म्हटलं होतं ते आता सांगत नाही. वहिनीने ते वाचून फाडलं आणि मला म्हणाली, आधी तिचं येऊ दे. तुझं आलं. आत्याचं बोलणं वाचलं, ‘त्याला कोणी बोलू नका’ इथे आलो आणि मला पुढचं दिसेना. माझ्या वयाच्या माणसाने असं टेबलावर डोकं ठेवून रडू नये, पण रडलो. वहिनीने चहा केला.

मग मी भिंग काढलं. इतकी वर्षं तो फोटो माझ्याकडे आहे. त्याची मोठी प्रत केली, समितीला तीनदा पाठवली, खुर्चीची उंची त्यावरून मोजून शिल्पकाराला कळवली. या सगळ्या वर्षांत खाली डावीकडे बसलेल्या बाईकडे मी एकदाही धड पाहिलं नव्हतं. आता बघतो तर तिचा एक कान दिसतो, गालाची कड दिसते, हनुवटी दिसते. बाकी चेहरा तिने वर वळवलाय, त्या घाबरलेल्या बाईकडे. ती काहीतरी बोलते आहे असं वाटतं. फोटो काढणाऱ्याने तिला नक्की सांगितलं असेल की इकडे बघा. तिने ऐकलेलं दिसत नाही.

समितीचा नियम बरोबर आहे. तिचा पूर्ण चेहरा कुठेच नाही. कितीही खटपट केली तरी तो आता कोणाला घडवता येणार नाही.

डॉक्टरांनी गाडीने यायची परवानगी दिली आहे, वाटेत दोनदा उतरून पाय मोकळे करायच्या अटीवर. आम्ही दोघं गुरुवारी पोचतो. उद्यानात नंतर जाऊ. आधी मला आत्याशी बोलायचंय. तिच्या आजीचं नाक कसं होतं, ती हसली की कशी दिसायची, रागावली की काय करायची, हे तिला विचारायचंय. तू मात्र माझं एकवीस तारखेचं पत्र तिला वाचून दाखवलं नसशील तर दाखवू नकोस. ते मी तिला माझ्या तोंडाने सांगणार आहे. पणजीचा चेहरा या जगात फक्त तिच्याजवळ उरलाय, आणि तिलाच घरी ठेव असं मी तुला लिहिलं होतं.

दादा